सव्वा सेकंदाचा खर्च

३६५ कोटी रुपये. आकडा कानाला भरभक्कम लागतो. केंद्रीय सामाजिक न्याय मंत्रालयाने १२ फेब्रुवारी २०२२ रोजी ‘स्माइल’ नावाची योजना सुरू केली, तेव्हा तिच्यासाठी हीच रक्कम जाहीर झाली होती. मुदत २०२१-२२ ते २०२५-२६, म्हणजे पाच वर्षं. कामं दोन: तृतीयपंथी व्यक्तींचं पुनर्वसन हे एक, आणि भीक मागून जगणाऱ्यांचं पुनर्वसन हे दुसरं. घरातून हाकललेल्या तृतीयपंथी पोराला या देशात केंद्र सरकारचं छप्पर मिळायचं, तर ते याच पैशातून.

या रकमेचा भागाकार तोंडी होतो. ३६५ कोटी, आणि वर्षाचे दिवसही ३६५. पाच वर्षांत वाटले की सगळ्या देशाला मिळून दिवसाला २० लाख. २०११ च्या जनगणनेत ‘इतर’ या लिंगाखाली नोंदवलेली माणसं होती ४ लाख ८७ हजार ८०३. भिक्षेकऱ्यांचा वाटा बाजूला न काढता सगळेच पैसे यांच्या नावावर टाकले, तरी माणशी दिवसाला चार रुपये दहा पैसे पडतात. त्यातच शिष्यवृत्ती आली, दवाखाना आला, कौशल्य प्रशिक्षण आलं, निवारा आला, पोर्टल चालवायचा खर्चही आला. चार रुपये दहा पैशांत स्टँडवर कटिंग चहासुद्धा मिळत नाही.

आता उलटीकडून मोजू. २०२५-२६ चा केंद्राचा अर्थसंकल्प आहे ५० लाख ६५ हजार ३४५ कोटींचा. म्हणजे दर सेकंदाला सोळा लाख रुपये. या वेगाने स्माइलचे दिवसाचे २० लाख सव्वा सेकंदात उडतात, आणि पाच वर्षांचे मिळून ३६५ कोटी अडतीस मिनिटांत.

या हिशेबात थोडी चलाखी आहे, हे मान्य. केंद्राच्या खर्चात कर्जावरचं व्याज आहे, सैन्य आहे, पेन्शनी आहेत, खतांचं अनुदान आहे. इतक्या मोठ्या रकमेने भागलं की कुठलीही छोटी योजना धुळीच्या कणासारखीच दिसणार. म्हणून सेकंद-मिनिटं थोडी बाजूला ठेवू आणि खाटा मोजू. खाट फसवत नाही. असते किंवा नसते.

दुधनीपासून सुरुवात करू. अक्कलकोट तालुक्यातलं, सोलापूर जिल्ह्याच्या अगदी कडेचं, नगरपरिषद असलेलं हे गाव. वस्ती दहा-बारा हजारांची. मुंबई-चेन्नई लोहमार्गावर सोलापूर मागे टाकून कलबुर्गीकडे निघालं की महाराष्ट्र संपता संपता हे स्टेशन लागतं. बाजार समितीच्या आवारात तुरीच्या पोत्यांवर सौदा कन्नडमध्ये ठरतो आणि पट्टी मराठीत लिहिली जाते, इतक्या सहज इथली माणसं दोन भाषांत वावरतात. एलजीबीटी, बेघर तरुण, निवारा, निधी हे शब्द या गावात कोणी काढले तर समोरचा म्हणेल, ‘आमच्याकडे असलं काही नाही.’

आकडे तसं म्हणू देत नाहीत. जनगणनेचं देशाचं प्रमाण पाहिलं तर दर २,४८२ माणसांमागे एक व्यक्ती ‘इतर’मध्ये येते. म्हणजे दुधनीएवढ्या गावात चार-पाच जण. मार्च २०१२ मध्ये केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने सर्वोच्च न्यायालयाला सांगितलं होतं, की देशात समलिंगी व्यक्ती अंदाजे २५ लाख आहेत. तेव्हाच्या लोकसंख्येत दर ४८४ माणसांमागे एक. म्हणजे दुधनीत वीस-पंचवीस. हा आकडा एचआयव्ही प्रतिबंधाच्या कामातून आलेला, त्यामुळे तो पुरुषांचा. समलिंगी बायकांना त्यात जागाच नव्हती. एचआयव्हीचा धोका ज्यांच्यात दिसला त्यांची गणती झाली, बाकीच्यांची कोणाला गरज वाटली नाही. दोन्ही अंदाज कमीकडे झुकलेले आहेत, कारण पहिला दारात उभ्या असलेल्या प्रगणकाला घरातला कर्ता पुरुष काय सांगतो यावर ठरतो, आणि दुसऱ्यात बायका नाहीतच. तरीही गावात तिसेक माणसं होतात, आणि त्यातली निम्मी तरी तरुण असणार.

समजा, त्यातल्या एका सतरा वर्षांच्या पोराचा मोबाइल वडिलांच्या हाती लागला. पुढचं सांगायला कल्पनाशक्ती लागत नाही. मारहाण, आईचं रडणं, मांत्रिक नाहीतर डॉक्टर, मग ‘लग्न करून टाकू म्हणजे सुधारेल’. आणि एका रात्री पोरगं स्टेशनवर. मुंबई पाचशे किलोमीटरहून जास्त, जनरलचं तिकीट दीड-दोनशे रुपयांत. यापुढे त्याच्यासाठी देशाने काय मांडून ठेवलं आहे, ते बघू.

पहिलं भेटतं ते रेल्वे सुरक्षा दल. स्टेशनांवर सापडणाऱ्या मुलांसाठी त्यांची ‘नन्हे फरिश्ते’ नावाची मोहीम आहे. २०१८ पासून मे २०२४ पर्यंत या दलाने ८४,११९ मुलं ताब्यात घेऊन वाचवली. हा आकडा मला या सगळ्या विषयातला सर्वांत हादरवणारा वाटतो. दिवसाला सरासरी ३६ मुलं, म्हणजे दर चाळीस मिनिटांनी एक. जवळजवळ साडेसहा वर्षं हे चाललं, रात्रंदिवस, करोनाचं वर्षसुद्धा धरून. त्या वर्षी गाड्या बंद होत्या तरी ५,०११ मुलं सापडलीच. २०१८ च्या १७,११२ मुलांची वर्गवारीही जाहीर झाली: पळून आलेली १३,१८७, हरवलेली २,१०५, मागे राहिलेली १,०९१, निराधार ४००, आणि बाकीची थोडी थोडी. म्हणजे दर चारांतली तीन मुलं स्वतःहून घर सोडून निघालेली.

का निघाली? त्याचा रकाना या वर्गवारीत नाही. अमेरिकेत असा प्रश्न विचारला गेला. शिकागो विद्यापीठाच्या चॅपिन हॉल या संस्थेने २०१७ मध्ये मोठं सर्वेक्षण केलं, त्यातून निघालं की वर्षभरात तिथली ४२ लाख मुलं-तरुण कधी ना कधी बेघर होतात. १३ ते १७ वयोगटात तिसांत एक, १८ ते २५ मध्ये दहांत एक. आणि एलजीबीटी तरुणांना बेघर होण्याचा धोका इतरांपेक्षा १२० टक्के जास्त. तिथलं प्रमाण उचलून आपल्या १३,१८७ मुलांना चिकटवणं चुकीचं होईल, समाज वेगळा, कुटुंबं वेगळी. पण त्यांतली शंभर मुलंसुद्धा या कारणाने पळाली नसतील, असं छातीठोक म्हणणारा माणूस मला भेटायचा आहे.

सापडलेल्या मुलाला चोवीस तासांत बाल कल्याण समितीपुढे उभं करायचं, असं बाल न्याय कायदा सांगतो. समिती मुलाला बालगृहात ठेवते किंवा घरी पाठवते. बालगृहं मुलांची वेगळी, मुलींची वेगळी. आणि कायद्याचा एकूण कल मुलाला कुटुंबात परत पाठवण्याकडे, जो बहुतेक मुलांच्या बाबतीत योग्यच आहे. पण या पोराच्या बाबतीत यंत्रणा नियमाने चालली, तर ती त्याला ज्या दारातून तो निघाला त्याच दारात नेऊन सोडते. पावतीवर सही घेऊन.

त्याने सतरा ऐवजी अठरा पूर्ण केली आहेत, आणि तो समलिंगी नसून तृतीयपंथी आहे, असं धरू. मग ‘गरिमा गृह’ हे नाव पुढे येतं. तृतीयपंथी व्यक्तींसाठीचा हा सरकारी निवारा. पहिलं गृह २५ नोव्हेंबर २०२० रोजी गुजरातेत वडोदऱ्याला सुरू झालं, लक्ष्य ट्रस्टच्या हाती. प्रायोगिक टप्प्यात देशभरात अशी बारा गृहं मंजूर झाली. मुंबईत ट्वीट फाउंडेशन या तृतीयपंथीयांनीच उभारलेल्या संस्थेकडे एक आलं. पुढे संख्या अठरावर गेली. एका गृहात किमान २५ जणांची सोय धरलेली असते. अठरा गुणिले पंचवीस, साडेचारशे.

साडेचारशे खाटा आणि पावणेपाच लाखांहून अधिक माणसं, म्हणजे १,०८४ जणांमागे एक खाट.

आता या आकड्याच्या शेजारी दुसरा एक ठेवतो. शहरी बेघरांसाठी सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशांतून एक निकष पक्का झाला आहे: दर एक लाख लोकवस्तीमागे शंभर जणांचा कायमचा निवारा. म्हणजे हजार माणसांमागे एक खाट. सोलापूर शहराची २०११ ची लोकसंख्या ९,५१,५५८. तिथे या हिशेबाने साडेनऊशे खाटा हव्यात. दुधनी लाखाच्या जवळपासही नाही, त्यामुळे तिचा प्रश्नच येत नाही. पण मुद्दा तो नाही. हजाराला एक हा निकष अशा लोकसंख्येसाठी आहे, जिच्यातल्या बहुतेकांना घर आहे. तृतीयपंथीयांना मिळालेलं प्रमाण साधारण तेच, किंचित कमीच. आणि त्यांचं काय आहे? २०१७ मध्ये राष्ट्रीय मानवी हक्क आयोगासाठी दिल्ली आणि उत्तर प्रदेशात ९०० तृतीयपंथी व्यक्तींचा अभ्यास झाला. आई-वडिलांकडे राहणारे त्यात होते फक्त दोन टक्के. ९०० मध्ये अठरा.

बाकीचे ८८२ कुठे राहतात? रस्त्यावर नाही राहत. इथे सरकारी आकड्यांच्या मागे एक प्रचंड गोष्ट उभी आहे, जिच्याकडे निधीची चर्चा करणारे बघतच नाहीत. गुरूचा डेरा. घरातून निघालेल्या पोराला रात्री दोन वाजता दार उघडणारी, ताट वाढणारी, आजारी पडला तर दवाखान्यात नेणारी, मेला तर माती देणारी व्यवस्था या देशात शेकडो वर्षं आहे, आणि तिला कोणत्याही सरकारचा एक रुपया मिळालेला नाही. आमच्या सीमाभागात तिची दुसरी शाखा आहे. सौंदत्तीच्या यल्लम्माच्या नावाने मुलगा जोगता होतो, कन्नडमध्ये जोगप्पा, आणि परडी हातात घेऊन पाच घरं मागतो. राजन गवसांनी ‘चौंडकं’ आणि ‘भंडारभोग’मध्ये हे जग मराठीत आणलं, त्यावरचा ‘जोगवा’ (२००९) हा चित्रपट बऱ्याच जणांनी पाहिला असेल.

पावणेपाच लाखांतला दहातला एक जण जरी गुरूच्या आसऱ्याने राहत असेल, तरी ती ४८ हजार माणसं होतात. सरकारच्या साडेचारशे खाटांच्या शंभरपटीहून जास्त. या आसऱ्याची किंमत पोरं चुकवतात, तीही सांगायला हवी. चेला झालं की मंगती आलीच. कमाईचा वाटा गुरूला, गुरू बदलायचा तर दंड. शिक्षण सुटतं. ज्याला लुगडं नेसायचं नाही, ज्याला फक्त पुरुषावर प्रेम करणारा पुरुष म्हणून राहायचं आहे, त्याला या दारात यायचं तर स्वतःलाच बदलून यावं लागतं. डेरा ही दानशूरपणाची गोष्ट आहे आणि कर्जाचीही. सतराव्या वर्षी कोणी त्यातल्या अटी वाचत बसत नाही.

जेवणाची अडचण या भागात फारशी नाही, हेही इथे नोंदवतो. दुधनीहून तासाभरावर अक्कलकोटला स्वामी समर्थ अन्नछत्र मंडळ १९८८ पासून हजारोंच्या पंगती उठवतंय. पानावर बसणाऱ्याला कोणी जात, लिंग, कारण विचारत नाही. गाणगापूरही जवळच. पण जेवण झालं की रात्र होते, आणि खोली घ्यायची तर आधार कार्ड पुढे करावं लागतं. त्यावर बहुधा वडिलांचं नाव असतं, घरचा पत्ता असतो, आणि ‘पुरुष’ किंवा ‘स्त्री’ असतं.

कागदांवरून आठवलं. २०१९ चा तृतीयपंथी व्यक्ती (हक्कांचे संरक्षण) कायदा १० जानेवारी २०२० पासून लागू झाला. त्याचं कलम १८ वाचण्यासारखं आहे. तृतीयपंथी व्यक्तीला घर किंवा गाव सोडायला भाग पाडणं हा गुन्हा, शिक्षा सहा महिने ते दोन वर्षं. कलम १२ म्हणतं, केवळ तृतीयपंथी आहे म्हणून कोणत्याही मुलाला आई-बापांपासून वेगळं करता येणार नाही, न्यायालयाचा आदेश असेल तरच. आणि घरचे सांभाळू शकत नसतील तर न्यायालय पुनर्वसन केंद्रात पाठवेल. ओळख प्रमाणपत्रासाठी अर्ज जिल्हाधिकाऱ्याकडे. आणि अर्जदार अज्ञान असेल तर मूळ कायद्याच्या कलम ५ प्रमाणे अर्ज कोणी करायचा? आई-वडिलांनी किंवा पालकाने.

म्हणजे दुधनीतल्या त्या पोराने ज्यांच्या हातचा मार खाल्ला, त्यांनीच पोर्टलवर जाऊन, अर्ज भरून, सही करून सांगायचं की आमचं मूल तृतीयपंथी आहे, त्याला तसं प्रमाणपत्र द्या. पुढे गरिमा गृहात शिरायचं तर वय अठरा ते साठ. वर्षभर थांब, असं कायदा त्याला सांगतो. कुठे थांबायचं, ते सांगत नाही.

आणि तो नुसता समलिंगी असेल, किंवा ती एखादी मुलगी असेल जिचं मैत्रिणीवर प्रेम आहे, तर हा सगळा परिच्छेदच तिला लागू होत नाही. स्माइल तिच्यासाठी नाही, गरिमा गृह तिच्यासाठी नाही. तिच्या नावाने केंद्राच्या अर्थसंकल्पात मांडलेल्या खाटांची संख्या शून्य आहे. या लेखात आतापर्यंत आलेल्या आकड्यांत मला हाच सर्वांत मोठा वाटतो. मद्रास उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती एन. आनंद वेंकटेश यांच्यापुढे २०२१ मध्ये घरातून पळालेल्या दोन मुलींचीच याचिका आली होती. ७ जूनच्या आदेशात त्यांनी सांगितलं, की अल्पकालीन निवारे, अंगणवाडी निवारे आणि गरिमा गृहं या समाजातल्या गरज असलेल्या प्रत्येकाला सामावून घेतील असे बदल करा. ११ मार्च २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने उच्च न्यायालयांना सूचना दिल्या, की अशा मुला-मुलींना घरच्यांच्या हवाली करण्याआधी त्यांच्याशी एकट्याने बोला, समुपदेशनाच्या नावाखाली त्यांना बदलायला पाहू नका. न्यायालयं एवढं बोलू शकतात. खाटा टाकणं त्यांच्या हातात नाही.

अशा मुलांना प्रत्यक्षात कोण आसरा देतं? मुंबईत अशोक राव कवींनी १९९४ मध्ये हमसफर ट्रस्ट उभा केला, पुण्यात बिंदुमाधव खिरे यांनी २००२ मध्ये समपथिक. ही मुख्यतः आरोग्य, समुपदेशन, हेल्पलाइन यांची कामं. वसतिगृहं नव्हेत. रात्रीचा फोन आला की कोणीतरी कोणाच्या तरी हॉलमधली सतरंजी मोकळी करतं. एप्रिल २०२३ मध्ये पीयूसीएल ही नागरी हक्क संघटना आणि काही गटांनी बंद दाराआड सुनावणी घेतली, तिथे ३१ जणांनी स्वतःच्या घरच्यांकडून झालेल्या छळाच्या साक्षी दिल्या. एकशे चाळीस कोटींच्या देशात ३१. चेष्टा वाटावा इतका लहान आकडा. पण घरच्यांविरुद्ध बोलायला ज्या देशात जीभ रेटत नाही, तिथे तो जमवायला काय लागलं असेल?

आता पैशाकडे परत येऊ, कारण इथेच डोकं गरगरतं, आणि तेही उलट्या कारणाने. पंचवीस जणांचं एक घर चालवायला किती लागतात? माझा अंदाज मांडतो, कोणीही खोडून काढावा. जेवण माणशी दिवसाला शंभर रुपये, वर्षाचे नऊ लाख साडेबारा हजार. सोलापूरसारख्या शहरात मोठं घर महिना पन्नास हजारांनी, वर्षाचे सहा लाख. व्यवस्थापक, समुपदेशक, दोन काळजीवाहक, स्वयंपाकी, रात्रीचा पहारेकरी, सगळ्यांचे पगार मिळून महिना ९३ हजार, वर्षाचे ११ लाख १६ हजार. वीज, गॅस, औषधं, कपडे, कागदपत्रांच्या फेऱ्या धरून साडेतीन लाख. बेरीज तीस लाखांच्या आत-बाहेर. एका माणसाला दिवसाचे ३२९ रुपये.

असं एकेक घर महाराष्ट्राच्या छत्तीसही जिल्ह्यांत काढलं तर १० कोटी ८० लाख. राज्याचा २०२५-२६ चा अर्थसंकल्प ७ लाख २० कोटींचा, म्हणजे मिनिटाला १ कोटी ३३ लाख. छत्तीस घरांचा वर्षाचा खर्च राज्याच्या आठ मिनिटांत बसतो. मघाशी धरलेल्या ४८ हजार जणांना, एकजात सगळ्यांना, या दराने ठेवायचं म्हटलं तर वर्षाला ५७६ कोटी. केंद्राचा एका तासाचा खर्च. वर्षात ८,७६० तास असतात. कंपन्यांनी २०२२-२३ मध्ये सामाजिक दायित्व म्हणून खर्च केले २९,९८७ कोटी. त्यातला पन्नासात एक रुपया पुरला असता.

एवढे थोडे पैसे लागतात, मग अडतं कुठे? माझ्या मते अडतं ते रकमेपाशी कमी आणि पैशाच्या जातीपाशी जास्त. आपल्याकडे बांधायला पैसा मिळतो, चालवायला मिळत नाही. खासदाराला वर्षाला पाच कोटींचा स्थानिक विकास निधी असतो. त्यातून सभामंडप होतो, व्यायामशाळा होते, बसथांबा होतो, कारण तो टिकाऊ मालमत्तेसाठीच आहे. स्वयंपाक्याचा पगार त्यातून देता येत नाही. आणि निवाऱ्यात इमारतीचं महत्त्व तसं थोडंच, भाड्याचं घरही चालतं. लागतात त्या रोजच्या भाकऱ्या आणि रात्री जागं असलेलं एक माणूस. २०२२-२३ मध्ये कित्येक गरिमा गृहांचं अनुदान महिनोन् महिने आलं नाही. घरमालक दारात, वाण्याची उधारी थकलेली, कर्मचारी बिनपगारी, आणि संस्था लोकांकडे ऑनलाइन झोळी फिरवत होत्या. योजनेचे ३६५ कोटी तेव्हाही कागदावर होतेच. हप्ता तीन महिने उशिरा आला तर रस्त्याच्या कंत्राटदाराचं फार तर व्याज बुडतं. इथे पंचवीस जण पुन्हा रस्त्यावर येतात.

बाहेरच्या पैशावर विसंबणंही धोक्याचं, हे २०२५ ने दाखवलं. अमेरिकेने जानेवारीत परदेशी मदत गोठवली आणि हैदराबाद, कल्याण, पुणे इथली तृतीयपंथीयांसाठीची ‘मित्र क्लिनिक’ बंद पडली. ज्यांनी ही मदत थांबवली त्यांनी आपल्या घरातही तेच केलं: आत्महत्येच्या उंबरठ्यावरच्या माणसांसाठी असलेल्या ९८८ या राष्ट्रीय हेल्पलाइनवर एलजीबीटी तरुणांसाठी ‘३ दाबा’ असा पर्याय होता, तो १७ जुलै २०२५ ला काढून टाकला. ४२ लाखांची मोजदाद त्यांच्याकडे होती, तरी काढला. मोजलं की पैसे येतातच असं नाही. पण न मोजता पैसे आल्याचं उदाहरण मला तरी माहीत नाही. मुंबईत टाटा सामाजिक विज्ञान संस्थेतून १९९६ मध्ये १०९८ ही बालकांची हेल्पलाइन सुरू झाली, तेव्हा रस्त्यावरच्या मुलांसाठी कोण फोन उचलणार, असं वाटणारे पुष्कळ होते. कॉल मोजले गेले, नोंदी झाल्या, आणि ती देशभर पसरली.

सोलापूर जिल्हा या बाबतीत मागासलेला आहे असं मात्र कोणी समजू नये. दुधनीच्या अगदी उलट टोकाला, माळशिरस तालुक्यातल्या तरंगफळने २०१७ च्या थेट निवडणुकीत ज्ञानेश्वर ऊर्फ माऊली कांबळे या तृतीयपंथी उमेदवाराला सरपंच केलं. गावाने मत दिलं, म्हणजे गावाला चालतं. माणूस आपल्यातला म्हणून माहीत असला की चालतं, असं मला त्यातून दिसतं; आणि तसं माहीत व्हायला त्याला सतराव्या वर्षी गाव सोडावं लागता कामा नये.

पुढची जनगणना १ मार्च २०२७ हा संदर्भदिन धरून होणार आहे. मागच्या वेळी बेघरांची मोजणी २८ फेब्रुवारी २०११ च्या एका रात्रीत उरकली होती. स्टेशनं, पुलांखालच्या जागा, देवळांच्या ओवऱ्या पालथ्या घालून देशात १७ लाख ७३ हजार बेघर मिळाले, महाराष्ट्रात २ लाख १० हजारांच्या वर. आणि ज्या ४,८७,८०३ जणांच्या नावाने हा सगळा भागाकार केला, त्यांना त्या जनगणनेच्या मुख्य गोषवाऱ्यात स्वतःची ओळसुद्धा नव्हती. त्यांची बेरीज पुरुषांत करून टाकली होती, खाली एक तळटीप देऊन. बेघरांतले किती जण यांतले, हे त्या तक्त्यांवरून काढता येत नाही. २०२७ ला तृतीयपंथीयांची ओळ पुरुषांच्या ओळीतून वेगळी छापायला आणि बेघरांच्या तक्त्यात वयासह तीच ओळ ठेवायला एकही जादा रुपया लागणार नाही. ते झालं, तर सोलापूरच्या जिल्हा नियोजन समितीपुढे तीस लाखांचा प्रस्ताव ठेवणाऱ्याच्या हातात निदान एक आकडा असेल.